चाळीस मिनिटांचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक सीमावासी’ या नावानं आलेली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही. काढणारही नाही. बेळगावच्या वडगावात यंत्रमाग असलेल्या घराला लागलेल्या आगीबद्दल मागच्या आठवड्यात लिहिलं होतं, त्याखाली ती आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लोक बादल्या घेऊन धावत होते आणि हा बातमीदार मोबाईल धरून उभा होता, असं त्यांचं म्हणणं. बंब चाळीस मिनिटांनी आला, मराठी गल्ली म्हणून मुद्दाम उशिरा आला आणि मी ते बातमीत दाबलं. का दाबलं, तर तीच आग मी कन्नड चॅनललाही विकली होती म्हणून. शेवटी ‘थोडी तरी लाज’ वगैरे आहे, ते सोडून देऊ.

साहेब, बादल्यांचं आधी उरकतो, कारण त्यात फारसं काही नाही. पुढच्या सोप्यात चार यंत्रमाग, मागं घर, वर पत्रा. मागांच्या मोटारींची विजेची लाईन चालू होती. पोरं बादल्या मारायला लागली तेव्हा समोरच्या घरातले मामा गॅलरीतून ओरडले, ‘पाणी नको मारूसा, करंट चालू हाय!’ हे क्लिपमध्ये स्वच्छ ऐकू येतं. त्यानंतर बादल्या गेल्या त्या शेजारच्या पत्र्यावर आणि भिंतीवर, आणि तेच बरोबर होतं. त्यात माझे दोन हात कमी पडले म्हणून काही बिघडलं नाही. माणसं होती, बादल्या नव्हत्या.

आता चाळीस मिनिटं. इथं मी थांबणार आहे, कारण तुमचा आकडा खोटा नाही.

माझ्याकडं त्या रात्रीच्या तेवीस क्लिपा आहेत. चॅनलवर गेल्या त्या चार, त्याही कापून. प्रत्येक क्लिपवर मोबाईलची वेळ असते, ती मी बदललेली नाही आणि बदलायची गरजही नाही. घरच्यांना जाग आली ती २ वाजून ५ मिनिटांच्या सुमारास, धुरानं. त्या घरातल्या काकींनी उठून पाहिलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तेवढे वाजले होते, हे त्यांनीच मला सांगितलं. पाणी सुरू झालं २:४९ ला. म्हणजे चव्वेचाळीस मिनिटं. तुम्ही चार मिनिटं कमीच धरलीत.

पण ती चव्वेचाळीस मिनिटं कुठं कुठं गेली ते बघा. बंबाला फोन गेला २:२७ ला. शेजारच्या पोरानं लावला, त्याच्या मोबाईलमधली नोंद मी दुसऱ्या दिवशी बघितली. सायरन वाजवत बंब गल्लीच्या तोंडाशी आला २:३८ ला. अकरा मिनिटं. रात्रीच्या वेळी झोपेतून उठून, गाडी काढून, वडगावात यायला अकरा मिनिटं लागली तर मला तरी त्यात कुठला कट दिसत नाही. मग तिथंच आठ मिनिटं बंब उभा. कोपऱ्यावर वाळूचा ढीग आणि त्याला चिकटून एक चारचाकी. मालक उठेना. उठला तर किल्ली सापडेना. शेवटी पोरांनी गाडी मागून उचलून सरकवली. बंबावरचा माणूस ‘दारी बिडी री, दारी बिडी’, म्हणजे वाट सोडा, म्हणून घसा फोडत होता आणि आमचीच माणसं त्याला कन्नडमध्ये ‘बंद्रू, बंद्रू’, म्हणजे आले, आले, म्हणत होती. गाडी कुणाची ते गल्लीला ठाऊक आहे. तुम्ही गल्लीबद्दल ज्या बारकाव्यानं लिहिलंय त्यावरून तुम्हालाही ठाऊक असावं. तिच्या मागच्या काचेवर कुठल्या भाषेत काय लिहिलंय ते मी इथं लिहीत नाही, भांडण वाढेल.

त्यानंतर पाणी सुरू व्हायला आणखी तीन. राहिली पहिली बावीस मिनिटं. २:०५ ते २:२७. बंबाला कुणी फोनच केला नव्हता.

मी पोचलो २:१९ ला. पहिली क्लिप २:२१ ची. फ्रेम चांगली आहे, उगाच नम्रपणा नको. दरवाजाच्या चौकटीतून आतला पहिला माग दिसतो, बीमवर, म्हणजे ताण्याच्या रुळावर, ताणलेलं सूत अजून शाबूत आहे आणि मागं भिंतीला सुताच्या कोनांची रास पेटली आहे. पॉलिस्टरचं सूत कापसासारखं भुरकन जळत नाही. आधी वितळतं, मग थेंब थेंब पेटता गळतं, आणि तो थेंब जिथं पडेल तिथं नवीन ज्योत. एक थेंब बीमवर पडला आणि ताण्याचे धागे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं तुटत गेले, कुणी सतारीच्या तारा ओळीनं कापाव्यात तसे. एका बीमवर पुष्कळ साड्यांचं सूत असतं. मी हात न हलवता शॉट धरला. आमच्या धंद्यात पहिलं शिकवतात ते हेच, की काय वाट्टेल ते होऊ दे, दहा सेकंद शॉट हलला नाही पाहिजे.

त्याच क्लिपमध्ये माझ्या उजव्या बाजूनं आवाज येतो, ‘बंबाला फोन केलाय काय रे कोण?’ आणि दुसरा आवाज, ‘केला असंल की.’ बस. मी तिथंच, हातभर अंतरावर. अग्निशमनचा थेट नंबर माझ्या मोबाईलमध्ये आहे, कारण बातमीसाठी आठवड्यातून दोनदा मीच त्यांना फोन करतो. ११२ सगळ्यांनाच पाठ आहे. पण तो मोबाईल त्या घडीला माझा कॅमेरा होता. शूट थांबवून फोन लावायचा म्हणजे शॉट तोडायचा, आणि तसा विचारही माझ्या डोक्यात आला नाही. असंल की, केला असंल. २:२१ ते २:२७, सहा मिनिटं.

म्हणून म्हणतो, तुम्ही मारलेला दगड चुकीच्या दारावर पडला, पण गल्ली बरोबर होती. बादली न उचलल्याबद्दल मला काही वाटत नाही. फोन न लावल्याबद्दल वाटतं. त्या सहा मिनिटांत सगळं वाचलं असतं असं नाही. मागचं घर कदाचित वाचलं असतं, पुढचे माग नाहीत. हा हिशेब मी काकींना सांगितलाय. त्या एवढंच म्हणाल्या, ‘आम्हाला तरी कुठं सुचलं बाबा.’ त्यानं मला बरं वाटलं नाही.

बंब उशिरा आला हे मी का लिहिलं नाही, ते आता कळलं असेल. लिहायचं तर ही सगळी यादी लिहावी लागली असती, माझ्यासकट. वीस सेकंदांच्या बातमीत ती बसत नाही, आणि नुसतं ‘बंब चाळीस मिनिटांनी’ एवढंच बसवलं तर ते खोटं होतं.

पण ती खोटी बातमी माझ्याकडं मागितली गेली होती. पहाटे साडेचारला मराठी चॅनलच्या मुंबईच्या डेस्कवरून फोन. पोरगा चांगला, नवीन, कधी इकडं आलेला नाही. आधी विचारलं, कुणी गेलंय का? नाही म्हटलं. मग आवाज जरा पडला. मग म्हणाला, ‘सर, सीमाभागाचा काही अँगल आहे का? म्हणजे मराठी वस्ती, बंब उशिरा, असं काही? फोनो देता का?’ फोनो म्हणजे फोनवरूनच थेट बातमी सांगायची. मला माहीत होतं की नुसतं हो म्हटलं तर बातमी दिवसभर चालेल. खाली पट्टी काय येईल तेही डोळ्यासमोर होतं. त्यांच्या दृष्टीनं त्यात गैर काही नाही. २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, तेव्हा याच डेस्कचे मला दिवसाला पंधरा फोन येत होते. त्यानंतर महिनोन्‌महिने शांतता. बेळगाव त्यांना दगड पडल्यावर आठवतं, तसा त्यांना तो दगड प्रत्येक बातमीत हवा असतो.

मी म्हटलं, अँगल नाही. मागाच्या मोटारीची जुनी वायर आणि गल्लीतली गाडी हा अँगल आहे. तो म्हणाला, ‘ठीक आहे सर, मग स्पीड न्यूजला टाकतो.’ वीस सेकंद.

अन्याय होत नाही असं मी म्हणत नाही, हे नीट वाचा. उतारा कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये, आणि सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून. १७ जानेवारीला, सीमालढ्याच्या हुतात्मा दिनाला, मीही हुतात्मा चौकात असतो, कॅमेरा घेऊन आणि कॅमेऱ्याशिवायही. पण जिथं अन्याय झाला तिथं तो दाखवायची वेळ येते तेव्हा लोकांनी माझं फुटेज खरं मानावं एवढीच माझी पुंजी आहे. ती मी एका वाळूच्या ढिगावर घालवणार नाही. आणि त्या रात्री पेटत्या सुताच्या चिखलात बूट रुतवून आत गेलेला बंबवाला कन्नड बोलत होता. बाहेर आला तेव्हा बुटाच्या तळाला वितळलेल्या सुताचा थर चिकटला होता, पायरीच्या कडेला घासून काढत बसला होता. ती क्लिप कुणीच लावली नाही. मुंबईनं नाही आणि बेंगळुरूनंही नाही.

हो, बेंगळुरू. कन्नड चॅनलला क्लिपा दिल्या, त्यात लपवण्यासारखं काय आहे? मी कुणाचा पगारी माणूस नाही. बूम, म्हणजे चॅनलच्या नावाचा माईक, माझ्या हातात दिसतो म्हणून लोकांना नोकरी वाटते. बूम चॅनलचा, मोबाईल माझा, पेट्रोल माझं, नेटपॅक माझा. बातमीमागं पैसे, तेही लागली तर. या आगीचे मराठीकडून पाचशे, कन्नडकडून चारशे ठरले आहेत, आणि अजून दोन्ही यायचे आहेत. तीन महिने धरून चाला. एकानं पट्टीत ‘बेळगाव’ लिहिलं, दुसऱ्यानं ‘बेळगावी’. आग तीच होती. नऊशे रुपयांत मी काय आणि कुणाला विकलं त्याचा हिशेब तुम्हीच करा.

एक गोष्ट मात्र तुमच्या प्रतिक्रियेत नाही आणि असायला हवी होती. काकींचा चेहरा. पदर तोंडात धरून, भिंतीला टेकून बसलेल्या, ओठ हलताहेत पण आवाज नाही. डेस्कला असा शॉट लागतोच, हे अंगवळणी पडलं आहे, म्हणून मी झूम करून घेतला आणि पाठवून दिला. विचारलं नाही. बातमी वीस सेकंदांची, पण त्यांच्या चेहऱ्याचे सहा सेकंद सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला फिरत होते. कोल्हापूरहून त्यांच्या माहेरचे फोन आले ते आगीबद्दल नव्हते, ‘टीव्हीवर तू रडूलालीस’ म्हणून होते. शॉट एकदा गेला की परत मागवता येत नाही. काढा म्हणून मी डेस्कला सांगितलं, ते म्हणाले बघतो. संध्याकाळी दुसरी कुठली तरी बातमी आली म्हणून तो थांबला, माझ्या सांगण्यानं नाही. याबद्दल तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर हे उत्तर दोन ओळींत संपलं असतं.

क्लिपा सगळ्याच्या सगळ्या पेनड्राइव्हवर घालून मी त्या घरात दिल्या आहेत. मागांचा विमा नव्हता, त्यामुळं त्यांचा तिथं फारसा उपयोग नाही. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी मोबाईलवरच दोन बघितल्या आणि मान हलवली. चारही मागांचे सांगाडे अजून उभे आहेत. लोखंड आहे ते, घासूनपुसून चालेल म्हणतात. मोटारी नव्या घ्याव्या लागतील.

तुम्हाला अजूनही मी काही दाबलंय असं वाटत असेल तर घरी या. तेवीसच्या तेवीस क्लिपा न कापता दाखवतो, हेडफोन देतो, वेळ वहीत टिपून घ्या आणि चूक निघाली तर इथंच खाली लिहा, मी ती काढणार नाही. दुपारी चारनंतर मी असतोच. यायच्या आधी फोन करा, आणि गाडी मोठ्या रस्त्यावर लावून चालत या.