लायसन्स नको म्हणणाऱ्या ताईंना

ताई, तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि आज सकाळी परत वाचली. तुम्ही मूळच्या नर्स, रो-हाऊसमध्ये दहा आजी-आजोबा सांभाळता, आणि तुमचं म्हणणं असं की खासगी वृद्धाश्रमांना आणि केअर सेंटरना लायसन्स हवं असं मी लेखात म्हणते, ते आलं की इन्स्पेक्टर पाकीट मागायला येणार, मोठ्या कंपन्या टिकणार आणि तुमच्या घराला टाळं लागणार, शिवाय मुलं आईबापांना सांभाळत नाहीत त्यावर मी का लिहीत नाही.

पाकिटाची भीती खरी आहे, मी ती लेखात लिहायला हवी होती. इतके स्क्वेअर फूट, लिफ्ट, पार्किंग असले नियम लावले तर पहिलं तुमचंच घर बंद पडेल आणि ते मला अजिबात नकोय, कारण दहा माणसांच्या घरात कुणाला वांगं चालत नाही, कुणाला चहा बशीत लागतो हे मावशींना पाठ असतं.

पण आज काय आहे ते बघा. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा बोलतो ते सरकारी वृद्धाश्रमांबद्दल, जिल्ह्याला किमान एक, १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा. खासगी घरांच्या नोंदणीचं त्यात काही नाही. ती सक्तीची करणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ ला लोकसभेत आलं, स्थायी समितीकडे गेलं, आणि २०२४ ला लोकसभाच विसर्जित झाली तेव्हा तेही संपलं. १९४९ चा नर्सिंग होमचा कायदा आहे, पण तो लागू व्हायला उपचार आणि शुश्रूषा दोन्ही असावे लागतात, मग ‘आम्ही उपचार करत नाही, नुसतं सांभाळतो’ म्हटलं की वाट मोकळी. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातात, पण हिशेबात बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून पडून होणारी जखम, दिसत नाही.

माझ्या आत्याला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मुलं सांभाळत नाहीत हा प्रश्न तिच्या बाबतीत नव्हताच. पडून खुबा मोडला, मी आणि नवरा दोघंही नोकरीवाले, म्हणून एका बंगल्यातल्या केअर सेंटरला ठेवली, डिपॉझिट भरून. दर रविवारी जायचो तेव्हा चादर स्वच्छ, केस विंचरलेले, आत्या ‘बरी आहे गं’ म्हणायची. सात आठवड्यांनी ताप आला म्हणून हॉस्पिटलात नेली तर माकडहाडापाशी हाड दिसेल एवढी जखम. मग कळलं की रात्री बारा जणांना मिळून एकच मुलगी असायची, एकोणीस वर्षांची, आया पुरवणाऱ्या ब्यूरोतून आलेली, आणि दर दोन तासांनी कूस बदलायची असते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या मुलीवर माझा राग नाहीये. तक्रार घेऊन तीन ऑफिसं फिरले, तिन्हीकडे ‘हे आमच्याकडे येत नाही’, आणि ताई, ते खोटं बोलत नव्हते हेच मला जास्त लागलं. (१४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन मला तेव्हा माहीत नव्हती, बाकीच्यांनी लिहून ठेवा.)

मला लायसन्स हवंय ते एवढ्यासाठी की रात्री किती माणसं ड्युटीवर आहेत, गोळ्या कोण देतं, अंथरुणावरच्या माणसाची कूस बदलल्याची नोंद आहे का, हे कुणीतरी न सांगता येऊन बघावं आणि काय दिसलं ते सगळ्यांना वाचता येईल असं ऑनलाइन टाकावं. चार भिंतींआड लिहिलेल्या शेऱ्यासाठी पाकीट मागता येतं, सगळ्यांसमोर असलेल्याला तेवढं सोपं नाही. इंग्लंडमध्ये केअर होमचे तपासणी अहवाल असेच कुणालाही वाचता येतात.

आणि कुलूप. विसरभोळे झालेले आजोबा रात्री बाहेर निघून जातात म्हणून ग्रिलला कुलूप लावतात, ते समजतं, पण किल्ली कुणाजवळ असते? तामिळनाडूत एरवाडीला ऑगस्ट २००१ मध्ये मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रमाला आग लागली, साखळीने बांधलेली २८ माणसं गेली आणि मग आठवड्याभरात तिथले तसले सगळे आश्रम बंद केले. तोपर्यंत ते राजरोस चालू होते.

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे रात्रीच्या नोंदींची वही असते. तिच्या एका कोऱ्या पानाचा फोटो पाठवाल का, पेशंटची नावं नकोत, नुसते रकाने? नियम करायचेच तर ते अशा वहीवरून व्हावेत असं मला वाटतं, मी पुढच्या लेखात ते तुमच्याच शब्दांत घालते.