“कॉपी-पेस्ट केलं की चालतंय” म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, कमेंट वाचली. तुमचं म्हणणं दोन मुद्द्यांचं आहे. जुना गेम सीडीशिवाय चालवायला मी इमेज (अख्ख्या सीडीची फाइलीतली हुबेहूब प्रत), व्हर्च्युअल ड्राइव्ह (त्या इमेजला खरी सीडी म्हणून दाखवणारा खोटा ड्राइव्ह), डॉसबॉक्स (जुने डॉसचे गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) असलं पाल्हाळ लावलं, त्यापेक्षा सीडी उघडून सगळं सिलेक्ट करून डी ड्राइव्हवर टाकलं की झालं. आणि दुसरं, हे सगळं पायरसी शिकवणंच आहे. दुसऱ्याकडे नंतर येतो, आधी पहिलं.

कॉपी-पेस्टनं काही गेम खरंच चालतात, नाही कोण म्हणतंय. स्कमव्हीएम नावाच्या प्रोग्रामवर चालणारे जुने ॲडव्हेंचर गेम तर तसेच चालवायचे असतात, फाइली फोल्डरमध्ये टाकायच्या आणि तो फोल्डर दाखवायचा. पण ९६-९७ सालच्या कित्येक सीडींवर फाइली म्हणजे निम्माच माल असतो राव. पहिला ट्रॅक डेटाचा आणि दुसऱ्यापासून पुढं सरळ गाण्याच्या सीडीसारखं म्युझिक. १९९६ चा क्वेक हा गोळीबाराचा गेम घ्या, ओरिजिनल सीडी घरातल्या सीडी प्लेयरमध्ये घातली तर दुसऱ्या ट्रॅकपासून नाइन इंच नेल्स या बँडचं म्युझिक वाजतं. ते विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये, म्हणजे फाइली दाखवणाऱ्या खिडकीत, दिसतच नाही, मग तुम्ही कॉपी काय करणार? गाण्यांच्या सीडीवर ज्या सीडीए फाइली दिसतात त्यासुद्धा ४४ बाइटच्या, नुसता पत्ता, गाणं त्यात नाहीच (खरं गाणं मिनिटाला साधारण १० एमबी खातं). म्हणजे गेम सुरू होणार, गोळ्या सुटणार, पण मागं सगळं सुनसान, आणि तुम्हाला वाटणार गेमच असा आहे.

म्हणून आयएसओ (एका फाइलीतली साधी इमेज) नको, बिन (सीडीवरचा सगळा माल) आणि क्यू (कुठला ट्रॅक कुठं याची यादी) अशी जोडी काढा असं मी लिहिलं होतं. आयएसओत फक्त डेटाचा ट्रॅक येतो. इमेजबर्न या इमेज काढणाऱ्या प्रोग्रामला असली सीडी दिली की तो स्वतःच बिन-क्यू काढतो, मग डॉसबॉक्समध्ये आयएमजीमाउंट या कमांडला ती क्यू फाइल द्यायची. विंडोज १० आयएसओ डबल क्लिकवर उघडतं, क्यू नाही उघडत.

दुसरी भानगड म्हणजे “प्लीज इन्सर्ट सीडी”. बरेच गेम नुसती फाइल आहे का बघत नाहीत, ड्राइव्ह सीडीचाच आहे का आणि सीडीचं लेबल तेच आहे का हेही बघतात. तिथं तुमचा डी ड्राइव्हवरचा फोल्डर काय कामाचा? सेफडिस्क हे कॉपी रोखणारं कुलूप लावलेल्या गेमना तर खरी सीडी असूनही विंडोज १० वर चालता येत नाही, कारण त्याला लागणारा ड्रायव्हरच मायक्रोसॉफ्टनं त्यात ठेवला नाही. असला गेम गॉग या गेम विकणाऱ्या साइटवर मिळत असेल तर सरळ विकत घ्या, डोकं लावू नका.

आता तुमचा गेम कॉपी-पेस्टनं कसा काय चालला? माझा अंदाज सांगतो. आपल्या सोलापुरात तेव्हा ज्या सीड्या हातोहात फिरायच्या, वर मार्करनं नाव आणि एकीत दहा-पंधरा गेम, त्यातले बरेच गेम आधीच कुणीतरी सोलून ठेवलेले असायचे. जागा वाचवायला म्युझिक काढलेलं, व्हिडिओ काढलेले, सीडीची चेकिंगसुद्धा काढलेली. ते कुठंही टाका, चालणारच. आणि पायरसी म्हणाल तर ती तिथं होती बघा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, ज्याच्याकडे प्रोग्रामची रीतसर घेतलेली प्रत आहे त्याला ती खराब होऊ नये म्हणून बॅकअप काढायची मुभा आहे, स्वतःच्या वापरापुरती. मी ओरिजिनल सीडीबद्दल लिहिलंय, आणि इमेज कुणाला वाटा असं कुठं लिहिलंय ते दाखवा.

बॅकअप काढायला घाई का करायची तेही सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर, आणि सीड्या कुठं, तर पत्र्याखालच्या माळ्यावर शेंगांच्या पोत्याशेजारी. घरी राइट केलेल्या सीडीतला रंगाचा थर उष्णतेनं आणि उजेडानं उडतो. छापील बाजूचा ओरखडा तर जास्त वाईट, कारण चमकणारा थर त्या छपाईच्या अगदी खाली असतो. लोक खालची बाजू जपतात आणि वरच्या बाजूवर सुईनं नाव कोरतात!

तुमच्याकडे ओरिजिनल सीडी असेल तर एकच करा, व्हीएलसी प्लेयरमध्ये ती ऑडिओ सीडी म्हणून उघडा. दुसऱ्या ट्रॅकपासून म्युझिक वाजलं तर गेमचं नाव इथं टाका, क्यू फाइलचं पुढचं मी सांगतो. नाही वाजलं तर तुमचं कॉपी-पेस्ट चालू द्या, माझी काही हरकत नाही.