त्या मुलींनी लिफ्ट मागितलीच का?

‘पण मुळात अनोळखी माणसाच्या गाडीत बसायचंच कशाला?’ ब्रिटिश कोलंबिया या कॅनडाच्या प्रांतातल्या हायवे १६ वर कित्येक दशके बेपत्ता होत आलेल्या आणि खून झालेल्या मुलींचा विषय निघाला की आपल्या मराठी मंडळींत, त्यातही माझ्यासारख्या या प्रांतात येऊन स्थिरावलेल्यांत, हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, बहुतेक वेळा त्याच्या डोळ्यांसमोर स्वतःच्याच मुली असतात. तरीही हा प्रश्न मला खटकतो, कारण त्याचे उत्तर गेली कित्येक वर्षे सरकारी अहवालांत लिहिलेले आहे, ते अगदी साधे आहे आणि त्या मुलींच्या स्वभावाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तिथे बस नव्हती.

प्रिन्स रुपर्ट हे पॅसिफिकच्या काठावरचे बंदर आणि प्रिन्स जॉर्ज हे प्रांताच्या उत्तर भागातले सर्वांत मोठे शहर. या दोहोंमध्ये सुमारे ७२० किलोमीटरचा रस्ता आहे आणि त्यावर टेरेस, हेझल्टन, स्मिदर्स, ह्यूस्टन, बर्न्स लेक, व्हँडरहूफ अशी लहान गावे एकमेकांपासून बरीच लांब वसलेली आहेत. मधल्या पट्ट्यात त्सिमशियन, गित्क्सान, वेत्सुवेतेन, डाकेल्ह या मूळनिवासी समाजांच्या वस्त्या आहेत. मोठे रुग्णालय, कॉलेज, न्यायालय किंवा नोकरी यांपैकी कशासाठीही निघायचे, तर प्रवास शेकड्यांत मोजावा लागतो. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत सहज उतरतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना घनदाट जंगल आहे आणि लाकूडतोडीच्या ट्रकांसाठी केलेले असंख्य कच्चे रस्ते त्यात शिरून नाहीसे होतात. ज्याच्या घरी गाडी आहे त्याच्यासाठी हा कॅनडातल्या सुंदर रस्त्यांपैकी एक आहे. ज्याच्याकडे नाही, त्याने दशकानुदशके रस्त्याच्या कडेला उभे राहून अंगठा दाखवून लिफ्ट मागितली, कारण दुसरा मार्गच नव्हता. ग्रेहाउंड या खासगी बस कंपनीच्या मोजक्या फेऱ्या होत्या, पण त्या वस्त्यांपर्यंत येत नसत आणि त्यांचे तिकीटही अनेकांना परवडत नसे. रेल्वे आहे, तीही आठवड्यातून तीन दिवस.

या रस्त्याला ‘हायवे ऑफ टिअर्स’ हे नाव १९९८ मध्ये टेरेस इथल्या एका स्मरणसभेच्या वेळी पडले. पोलिसांचा विशेष तपास सुरू झाला तो २००५ मध्ये. कॅनडाच्या केंद्रीय पोलीस दलाने, म्हणजे आरसीएमपीने, ‘ई-पाना’ नावाचे पथक नेमले आणि १९६९ ते २००६ या काळातली एकूण १८ प्रकरणे त्याच्या यादीत आली. त्यांपैकी १३ खून आहेत आणि ५ जणी बेपत्ता आहेत. ही यादी कशी तयार झाली ते पाहण्यासारखे आहे. बळी स्त्री असावी, ती लिफ्ट मागत होती किंवा पोलिसांच्या भाषेत ‘जोखमीचे’ काही करत होती असे दिसावे, आणि ती शेवटची दिसली किंवा तिचा मृतदेह मिळाला ते ठिकाण १६, ९७ किंवा ५ क्रमांकाच्या महामार्गापासून साधारण एका मैलाच्या आत असावे, असे निकष होते. म्हणजे दोन मैल आत सापडलेली स्त्री या हिशेबात नाही. स्थानिक मूळनिवासी कुटुंबे चाळीसहून अधिक जणींची नावे सांगतात ती उगाच नव्हे.

आणि जोखमीबद्दलच बोलायचे, तर त्याच यादीतले मोनिका जॅकचे नाव घ्यावे लागेल. मोनिका मूळनिवासी होती, बारा वर्षांची. मे १९७८ मध्ये मेरिटजवळ, निकोला सरोवराच्या काठच्या रस्त्याने ती सायकलवरून जात होती. तिने कोणाकडे लिफ्ट मागितली नव्हती. तिचे अवशेष १९९५ मध्ये जंगलातल्या लाकूडतोडीच्या एका रस्त्याजवळ मिळाले आणि खुन्याला दोषी ठरवायला २०१९ उजाडले. रमोना विल्सन सोळा वर्षांची होती. जून १९९४ मध्ये स्मिदर्समधल्या आपल्या घरून ती मित्रमैत्रिणींना भेटायला निघाली आणि पुढल्या एप्रिलमध्ये तिचा मृतदेह तिथल्या विमानतळाजवळ सापडला. तिचा खुनी आजही कोणाला ठाऊक नाही. तिचे कुटुंब दर वर्षी जूनमध्ये तिच्या आठवणीत पदयात्रा काढते.

या महामार्गावर बराच काळ एक मोठा पिवळा फलक उभा होता. ‘मुलींनो, या रस्त्यावर लिफ्ट मागू नका, खुनी मोकाट आहे’ असा त्यावरचा मजकूर होता आणि शेजारी बेपत्ता मुलींची छायाचित्रे. फलक लावणाऱ्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. आयांच्या जिवाला घोर लागलेला असताना जे हाती होते ते त्यांनी केले. पण तो मजकूर कोणाला उद्देशून आहे याकडे लक्ष द्या. तो मुलींना उद्देशून आहे. त्या वाटेने रोज जाणाऱ्या हजारो वाहनचालकांना, तिथल्या खाणींत आणि लाकूडतोडीच्या छावण्यांत हंगामापुरते येऊन जाणाऱ्या पुरुषांना किंवा प्रांताच्या वाहतूक खात्याला सांगण्यासारखे त्यावर काही नव्हते. घरी जायचे कसे, हेही त्यावर लिहिलेले नव्हते.

मार्च २००६ मध्ये, एका चौदा वर्षांच्या मुलीचा मृतदेह मिळाल्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, प्रिन्स जॉर्जमध्ये कुटुंबे, मूळनिवासी संघटना, पोलीस आणि सरकारी प्रतिनिधी यांची परिषद भरली. तिच्या अहवालात ३३ शिफारशी होत्या आणि त्यांत अग्रभागी होती ती गावागावांना जोडणाऱ्या बससेवेची. यात चमत्कारिक काही नव्हते आणि नवे तंत्रज्ञानही नको होते, काही लहान बस आणि चालक एवढाच मामला होता. २०१२ मध्ये प्रांताच्या बेपत्ता स्त्रियांविषयीच्या चौकशी आयोगाने, न्यायमूर्तिपदावर राहिलेल्या वॉली ओपल यांच्या अहवालात, हीच मागणी पुन्हा केली आणि हे काम ताबडतोब व्हावे असे बजावले. त्यानंतरही वर्षे गेली. बर्न्स लेक आणि प्रिन्स जॉर्ज यांच्यामधली सरकारी बस २०१७ मध्ये धावू लागली. शिफारस झाल्यापासून अकरा वर्षे! तिकीट पाच डॉलर. पुढच्याच वर्षी ग्रेहाउंडने या मार्गावरून काढता पाय घेतला आणि प्रांताला लांब पल्ल्याची ‘बीसी बस नॉर्थ’ सुरू करावी लागली. सरकारी बसही आठवड्यातले ठरावीक दिवसच धावतात.

या अकरा वर्षांत नेमके काय चालले होते, याची एक झलक २०१५ मध्ये सर्वांना दिसली, आणि ती मला कुठल्याही आकडेवारीपेक्षा जास्त बोलकी वाटते. वाहतूक खात्याच्या अधिकाऱ्यांनी महामार्गालगतच्या गावांत बैठका घेतल्या होत्या. विरोधी पक्षाने माहिती अधिकाराखाली त्या बैठकांची कागदपत्रे मागितली. खात्याचे उत्तर आले की अशी कोणतीही कागदपत्रे नाहीत. मग मंत्र्यांच्या कार्यालयातल्या एका माजी कर्मचाऱ्याने प्रांताच्या माहिती आयुक्त एलिझाबेथ डेनम यांना पत्र लिहून कळवले की त्या विषयाच्या ईमेल आपल्या संगणकावर होत्या आणि एका सहकाऱ्याने आपला कीबोर्ड ओढून घेऊन त्या पुसून टाकल्या. चौकशी झाली, अहवाल आला, आणि पुसलेली ईमेल पुन्हा मिळू नये म्हणून ती तीन पायऱ्यांत कायमची कशी घालवायची याची पद्धतच चव्हाट्यावर आली. त्या सहकाऱ्यावर खटला झाला तो शपथेवर खोटे बोलल्याचा, आणि दंड झाला २,५०० डॉलर. ज्या बैठकांत बेपत्ता मुलींच्या गावचे लोक ‘आम्हाला बस द्या’ असे सांगत होते, त्यांची नोंद ठेवणेही कोणाला तरी अडचणीचे वाटले.

‘मग पोलिसांकडे वेळेवर का गेले नाहीत?’ हा आपल्याकडून येणारा दुसरा प्रश्न. प्रिन्स जॉर्जच्या प्रांतिक न्यायालयात डेव्हिड रॅमसे नावाचे न्यायाधीश होते. ज्या अल्पवयीन मूळनिवासी मुली खटल्यांच्या निमित्ताने त्यांच्यासमोर उभ्या राहत, त्यांच्यापैकी काहींचे त्यांनी लैंगिक शोषण केले, एकीला रस्त्यावर मारहाणही केली. २००४ मध्ये गुन्हा कबूल करून ते सात वर्षांसाठी तुरुंगात गेले. ज्या गावात न्यायासनावर बसलेला माणूसच असा निघाला, तिथल्या मुलींना ‘विश्वास ठेवा’ असे सांगायला कोणाची जीभ रेटेल? फ्रेझर लेकजवळ याच महामार्गालगत लेजॅक नावाची निवासी शाळा होती, १९२२ ते १९७६ अशी चोपन्न वर्षे. मूळनिवासी मुलांना आईवडिलांपासून तोडून ज्या शाळांत ठेवले जाई, त्यांपैकी ही एक. १९३७ च्या पहिल्या दिवशी तिथून घरी पळून निघालेली चार लहान मुले गोठलेल्या तळ्यावर थंडीने मेली. मुलांना घेऊन जायला येणारा गणवेशातला पोलीस ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या नातवंडांनी ठाण्याची पायरी चढताना कचरणे यात न समजण्यासारखे काय आहे?

एक गोष्ट अवघड आहे, पण ती टाळून चालणार नाही. जून २००२ मध्ये निकोल होअर ही पंचवीस वर्षांची गोरी तरुणी प्रिन्स जॉर्जहून स्मिदर्सला बहिणीकडे जाताना याच रस्त्यावर लिफ्ट घेताना नाहीशी झाली. तिच्यासाठी मोठी शोधमोहीम निघाली, देशभरच्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, आणि त्या आधी दशकभर नाहीशा होत असलेल्या मूळनिवासी मुलींची नावे या बातम्यांच्या आधाराने प्रथमच दूरवर पोचली. निकोलचाही पत्ता लागलेला नाही आणि तिच्या घरच्यांचे दुःख कोणापेक्षाही कमी नाही. तिच्यासाठी जे झाले ते प्रत्येकीसाठी व्हायला हवे होते, एवढेच इथे म्हणायचे आहे. आरसीएमपीच्याच २०१४ च्या अहवालानुसार १९८० ते २०१२ या काळात देशभरात १,०१७ मूळनिवासी स्त्रियांचे खून झाले आणि १६४ जणी बेपत्ता होत्या. स्त्रियांच्या एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास, आणि खून झालेल्या स्त्रियांमध्ये मात्र १६ टक्के.

सगळे खून एकाच नराधमाने केले असावेत, ही कल्पना लोकांना फार आवडते, कारण तो सापडला की प्रकरण संपले असे वाटते. पुरावे तसे सांगत नाहीत. १९७४ मध्ये लॅक ला हॅशजवळून नाहीशा झालेल्या कॉलीन मॅकमिलनच्या खुनाचा डीएनए २०१२ मध्ये बॉबी जॅक फाउलर या अमेरिकी गुन्हेगाराशी जुळला, तोवर तो ओरेगनच्या तुरुंगात मरूनही सहा वर्षे झाली होती. प्रिन्स जॉर्ज परिसरातले चार खून केलेला कोडी लेगेबोकॉफ हा तर १९९० साली जन्मलेला. नोव्हेंबर २०१० मधल्या एका रात्री व्हँडरहूफजवळ जंगलाच्या कच्च्या रस्त्यातून भरधाव बाहेर पडणारा त्याचा ट्रक एका तरुण पोलिसाला दिसला, चोरटी शिकार असेल म्हणून त्याने तो अडवला, आणि तपास करता करता जंगलात पंधरा वर्षांच्या मुलीचा मृतदेह मिळाला. वेगवेगळ्या पिढ्यांतले, एकमेकांना न ओळखणारे पुरुष याच भागात येऊन हेच करतात, तेव्हा त्यांना सोयीचे असे तिथे काय आहे हे शोधायला हवे. निर्जन रस्ता आहे, अडलेल्या मुली आहेत, आणि त्या हरवल्या तर फारशी ओरड होणार नाही हा भरवसा आहे. महामार्गावर मोबाईलची रेंज नसलेले एकूण २५२ किलोमीटर भरून काढण्यासाठी टॉवर उभारण्याची घोषणाही २०२१ मध्ये झाली. संकटात सापडलेल्या मुलीच्या हातातला फोन तोवर तिथे कुचकामीच होता.

बेपत्ता आणि खून झालेल्या मूळनिवासी स्त्रियांविषयीच्या राष्ट्रीय चौकशी आयोगाने २०१९ मध्ये २३१ मागण्या मांडल्या आणि या हिंसेला वंशसंहार म्हटले. त्या शब्दावर आपल्या मंडळींनी जरूर वाद घालावा, मात्र आधी अहवाल वाचावा. माझी मागणी त्या मानाने लहान आहे. ई-पानाच्या यादीतली बहुतेक प्रकरणे अजून उघडी आहेत, तर पथकाचे मनुष्यबळ आणि निधी सुरुवातीच्या काळाच्या तुलनेत फार कमी झाला आहे. डीएनए जपून ठेवता येतो, माणसांची स्मरणशक्ती नाही. १९७४ मध्ये वीस वर्षांचा असलेला साक्षीदार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्याच्याकडे पुन्हा जाऊन बसायला तपास अधिकारी लागतात आणि त्यांना पगार लागतो. आपण इथे मतदान करतो आणि उमेदवार आपल्या गणेशोत्सवाच्या मांडवात येऊन हात जोडतात. पुढच्या वेळी ते आले की त्यांना दोन गोष्टी विचाराव्यात: या पथकाला यंदा किती पैसे दिले, आणि हायवे १६ वर रात्री आठनंतर कोणती बस आहे?