आधी जिन्यात उतरा, मग नकाशा काढा

प्रत्येक वॉर्डाचा पर्यावरण आराखडा रहिवाशांना बरोबर घेऊन करावा, असं एका लेखात वाचलं आणि ते मनापासून पटलं. मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा आला, २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं, म्हणजे हवेत जेवढे हरितगृह वायू सोडू तेवढेच शोषले जातील असं, उद्दिष्ट ठरलं. पण आमच्या मुलुंडच्या इमारतीत त्याची चर्चा कधीच झाली नाही. कचऱ्याची मात्र रोज होते.

ओल्या कचऱ्याचं खत करायचं म्हणून आम्ही गच्चीवर चार ड्रम ठेवले. पहिल्याच पावसाळ्यात झाकणातून पाणी शिरलं, अळ्या झाल्या, वास सातव्या मजल्यापर्यंत. बंद करा म्हणून अर्ज आला. तो प्रयोग वाचवला आमच्या सफाईवाल्या मावशींनी. त्यांनी सांगितलं, सुका पाला जास्त घाला, भाताचं पाणी निथळून मगच टाका, आणि ड्रम जिन्याच्या छपराखाली घ्या. आता त्याच खतावर खालची जास्वंद फुलते. अशा बायकांना नियोजनाच्या बैठकीत खुर्ची मिळायला हवी, आणि त्या दिवसाचा पगारही.

शिवाय बैठक मराठी-हिंदीत, रविवारी सकाळी ठेवा. मंगळवारी दुपारी तीनला कोण येणार? लोकलने घाटकोपर-दादर गाठणारा माणूस तर नाहीच. चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या लोकांना तर बोलावणंच पोचत नाही, आणि पाणी तुंबतं ते आधी त्यांच्याच घरात.