‘पहिल्याच वर्षी एक लाख डॉलर’: अमेरिकेतल्या ट्रकच्या नोकरीचा खरा हिशेब

एकच मेसेज मला महिन्याभरात चार जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरांचा भयंकर तुटवडा आहे. लांब पल्ल्याच्या मोठ्या कंपन्या नवशिक्यांना फुकट शिकवतात, शिकत असतानाही पगार देतात. तीन आठवड्यांत लायसन्स हातात, पहिल्याच वर्षी एक लाख डॉलर. जेवढं चालवाल तेवढं कमवाल, दोन वर्षांत ट्रक स्वतःचा. व्हिसाचं सगळं कंपनी बघते. खाली एक फोन नंबर आणि ‘जागा मर्यादित’.

अमेरिकेतल्या अशाच एका कंपनीच्या हिशेब खात्यात मी सहा वर्षं काढली आहेत. दर आठवड्याला ड्रायव्हरांचे पगाराचे कागद माझ्या हातून जायचे. नव्या मुलांचे पहिल्या दोन-तीन महिन्यांतले आकडे मला अजून आठवतात, आणि त्यांचे फोनही. म्हणून या मेसेजमधलं एकेक वाक्य घेऊन उत्तर देते आहे. त्यातली काही वाक्यं अर्धी खरी आहेत. ती कुठपर्यंत खरी, हेही सांगते.

‘पहिल्याच वर्षी एक लाख डॉलर.’ हा आकडा हवेतून आलेला नाही. एप्रिल २०२२ मध्ये वॉलमार्टने जाहीर केलं, की आमच्या स्वतःच्या ताफ्यातला ड्रायव्हर पहिल्या वर्षात १,१०,००० डॉलरपर्यंत कमवू शकतो. ही बातमी जगभर फिरली आणि फिरता फिरता तिच्यातले दोन शब्द गळाले. एक म्हणजे ‘पर्यंत’. दुसरा ‘आमच्याकडचं’ पहिलं वर्ष. बाहेरून येणाऱ्या ड्रायव्हरला तिथे उभं राहायलाच गेल्या तीन वर्षांतला तीस महिन्यांचा पूर्णवेळ अनुभव लागत होता. स्वतःच्या दुकानांतल्या आणि गोदामांतल्या नोकरांसाठी त्यांनी बारा आठवड्यांचं वेगळं प्रशिक्षण काढलं, पण ते आधीपासून नोकरीत असलेल्यांसाठी. कालपर्यंत स्टिअरिंगला हात न लावलेल्या माणसाचा हा पगार नव्हे.

मग सर्वसाधारण ड्रायव्हरला किती मिळतं? अमेरिकी सरकारच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या मे २०२३ च्या आकडेवारीत जड ट्रक चालवणाऱ्यांचा मध्यम वार्षिक पगार ५४,३२० डॉलर होता. म्हणजे निम्म्या ड्रायव्हरांना त्याहून कमी. यात वीस-वीस वर्षं गाडी चालवलेली माणसंही धरलेली आहेत. नवा माणूस या रांगेत कुठे उभा असेल याचा अंदाज करायला फार गणित लागत नाही.

‘जेवढं चालवाल तेवढं कमवाल.’ इथे जरा थांबते, कारण सगळा घोळ इथेच आहे.

लांब पल्ल्याच्या कंपनीत ड्रायव्हरला बहुतेक वेळा तासावर पैसे मिळत नाहीत, मैलावर मिळतात. मेसेज लिहिणाऱ्याने हिशेब केलाय तो असा: मैलाला ६० सेंट, आठवड्याला ३,००० मैल, वर्षाचे ५२ आठवडे. झाले ९३,६०० डॉलर. गुणाकार बरोबर आहे, गुणलेले आकडे चुकीचे आहेत. नव्या माणसाला चांगल्या जुन्या ड्रायव्हरचा दर मिळत नाही. बावन्न आठवडे कोणी सलग चालवत नाही. आणि ३,००० मैल? नियमाप्रमाणे ड्रायव्हरने एका पाळीत जास्तीत जास्त ११ तास चालवायचं, तेही कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत, आणि मग सलग १० तास विश्रांती. सलग आठ दिवसांत कामाचे ७० तास भरले की पुढे चालवता येत नाही. रहदारी, चढ, वळणं धरून सरासरी ताशी ५० मैल पडले तर ३,००० मैलांना ६० तास नुसतं चाक फिरवण्यात जातात. उरलेल्या दहा तासांत माल चढवणं, उतरवणं, गाडीची रोजची तपासणी, कागदपत्रं, सगळं बसवायचं. हे कधीमधी एखाद्या आठवड्यात जमतं. वर्षभर जमत नाही. सलग ३४ तास विश्रांती घेतली तर ७० तासांची मोजणी नव्याने सुरू होते, पण त्या ३४ तासांत एक मैलही होत नाही, म्हणजे एक सेंटही मिळत नाही.

आता डॉकवर, म्हणजे गोदामाच्या माल चढवायच्या-उतरवायच्या दारात, वाट बघण्याचं बोलू. गोदामाच्या दारात ट्रक उभा राहिला की माल कधी चढेल ते ड्रायव्हरच्या हातात नसतं. पहिले दोन तास सहसा फुकट धरायची पद्धत आहे. त्यानंतर गिऱ्हाईक कंपनीला खोळंब्याचे पैसे देतं, ज्याला ‘डिटेन्शन’ म्हणतात. त्यातले ड्रायव्हरपर्यंत किती पोचतात, ते कंपनीवर. अमेरिकी परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी जानेवारी २०१८ मध्ये या खोळंब्याचा हिशेब मांडला होता: ड्रायव्हरांच्या कमाईत वर्षाला १.१ ते १.३ अब्ज डॉलरची घट. त्याच अहवालात असंही होतं, की खोळंबा सरासरी पंधरा मिनिटांनी वाढला तर अपघातांचं प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं. वाट बघून उशीर झालेला माणूस रस्त्यावर काय करतो, ते यात आलं.

यात आणखी एक गोष्ट आहे जी बाहेरच्याला दिसत नाही. आपले ७० तास वाया जाऊ नयेत म्हणून ड्रायव्हर स्वतःच डॉकवरचे तास लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या तासांच्या नोंदीत, ‘ड्युटीवर नाही’ असे टाकतो. त्यामुळे कागदावर तो आरामात बसलेला दिसतो. किमान वेतनाचा प्रश्न कोणी काढलाच, तर मोजायला ते तास सापडतच नाहीत. ओव्हरटाइमचं तर नावच नको: १९३८ च्या केंद्रीय कामगार कायद्यात आंतरराज्य वाहतुकीच्या ड्रायव्हरांना ओव्हरटाइममधून वगळलेलं आहे आणि ती सूट आजही आहे. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर थांबलेलं आहे, त्यामुळे त्याचाही आधार फार नाही.

मैल तरी सगळे मोजतात का? तेही नाही. पुष्कळ कंपन्या एका शहराच्या ठरावीक बिंदूपासून दुसऱ्या शहराच्या ठरावीक बिंदूपर्यंत कोष्टकातलं अंतर धरतात. गावाबाहेरच्या गोदामापर्यंतचा फेरा, बंद पुलामुळे घेतलेला वळसा ड्रायव्हरच्या खात्यात जमा होत नाही. चाकाने शंभर मैल कापले आणि पगार नव्वद-पंचाण्णवचा झाला, असे कागद मी कितीतरी पाहिले.

एका मुलाचा फोन मला विसरता येत नाही. दुसराच आठवडा होता त्याचा एकट्याने चालवण्याचा. शीतगृहाच्या दारात एक रात्र आणि अर्धा दिवस गेला होता, पुढचा लोड, म्हणजे न्यायचा माल, मिळायला आणखी एक दिवस. आठवड्याचे मैल झाले १,१४०, दर ४५ सेंट, म्हणजे ५१३ डॉलर. त्यातून कर, विमा, घेतलेली उचल आणि प्रशिक्षणाचा हप्ता वजा होऊन उरले साडेतीनशेच्या आसपास. तो भांडला नाही. एवढंच विचारत होता, ‘मी सातही दिवस ट्रकमध्येच होतो ना?’ होता. हिशेबात चूक नव्हती, म्हणून मला दुरुस्त करता येईना.

मला विचाराल तर चांगल्यापैकी चाललेल्या पहिल्या वर्षाचा हिशेब असा मांडावा: ५० सेंट, आठवड्याला २,२०० मैल, ४८ आठवडे. ५२,८०० डॉलर होतात. चालवण्याचे ४४ तास, वर खोळंबा, तपासणी, माल चढवणं-उतरवणं धरून आठवड्याचे सत्तरेक तास होतात, म्हणजे तासाला सोळा डॉलरही नाहीत. झोप घराबाहेर, महिन्यातून तीन-चार दिवस घरी. हा पगार वाईटच आहे असं मी म्हणत नाही. ज्याला हे काम आवडतं त्याने डोळे उघडे ठेवून जरूर करावं. पण तो एक लाख नव्हे. कुणी ‘पर डिएम’ धरून हातात पडणारी रक्कम मोठी दाखवत असेल, तर त्यात मैलाच्या दरातलाच एक भाग भत्ता म्हणून करमुक्त दिलेला असतो. त्याने नोंदलेला पगार घटतो आणि पुढे निवृत्तिवेतनाचा, कर्जाचा, बेकारभत्त्याचा हिशेब त्या घटलेल्या आकड्यावर होतो.

‘प्रशिक्षण फुकट.’ फुकट नाही, उधार. करारात लिहिलेलं असतं, की प्रशिक्षणाची किंमत अमुक हजार डॉलर. कंपनीत नऊ महिने किंवा वर्षभर राहिलात तर माफ, आधी सोडलंत तर भरा. काही करारांत दर आठवड्याला पगारातून हप्ता कापला जातो आणि सोडल्यास उरलेलं सगळं एकदम देय होतं. घरी आई आजारी पडली, पाठ धरली, ट्रेनरशी पटलं नाही, कारण काहीही असो; मागे वसुलीवाले लागतात. अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण कार्यालयाने २०२३ मध्ये मालकाच्या अशा कर्जांवर स्वतंत्र अहवाल काढला, इतकं हे पसरलं आहे. कराराची मुदत संपेपर्यंत नव्या ड्रायव्हरला खराब लोड, कमी मैल, लांबलेली सुट्टी हे सगळं सोसावं लागतं, कारण दार उघडं असून बाहेर पडता येत नाही. हेच शिक्षण कम्युनिटी कॉलेजात पैसे भरून किंवा सरकारी मदतीवर घेतलं तर गळ्यात असा करार पडत नाही. काही मालवाहतूक कंपन्या आधी गोदामात कामाला ठेवून, तासाच्या पगारावर, कर्जाशिवाय ड्रायव्हर तयार करतात. त्या जागा लवकर भरतात आणि त्यांची जाहिरात असल्या मेसेजांतून होत नाही.

‘शिकत असतानाही पगार.’ मिळतो, पण कशाचा? लायसन्स मिळाल्यावर नवा ड्रायव्हर काही आठवडे ट्रेनरबरोबर एकाच ट्रकमध्ये राहतो. कागदावर हे शिकणं. प्रत्यक्षात अनेकदा थोड्याच दिवसांत ट्रेनर मागे बर्थमध्ये झोपतो आणि शिकाऊ गाडी ओढतो, मग उलट. दोघांच्या पाळ्या लागल्या की ट्रक दिवसरात्र चालतो आणि सगळे मैल ट्रेनरच्या आणि कंपनीच्या खात्यावर पडतात. शिकाऊला आठवड्याची ठरावीक रक्कम. अंधारात, घाटात, बर्फात तो एकटाच शिकतो, शेजारी कोणी जागं नसतं. ट्रेनरसुद्धा कधी कधी जेमतेम वर्षभर आधी शिकलेला.

यावर न्यायालयांत जे झालं ते मेसेजमध्ये नाही. न्यू प्राइम या मोठ्या कंपनीविरुद्धच्या खटल्यात ड्रायव्हरची तक्रार होती, की पहिले १०,००० मैल पगाराशिवाय चालवून घेतले आणि पुढचे ३०,००० अगदी तुटपुंज्या दराने. कंपनीचं म्हणणं, तो नोकर नाही, स्वतंत्र कंत्राटदार आहे, वाद लवादाकडे जावा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ड्रायव्हरच्या बाजूने निकाल दिला. २०२० मध्ये २.८ कोटी डॉलरवर तडजोड झाली. आर्कान्सामधल्या पी.ए.एम. ट्रान्सपोर्टच्या खटल्यात २०१८ मध्ये न्यायाधीशांनी म्हटलं, की ड्रायव्हर दिवसेंदिवस ट्रकमध्ये असतो तेव्हा पगाराच्या तासांतून झोपेचे जास्तीत जास्त आठ तास वगळता येतील. बर्थमध्ये काढलेला बाकीचा वेळ कामाचाच धरायचा. तिथे १.६५ कोटींवर तडजोड झाली. हा वेळ आधीपासून नीट मोजला असता तर ड्रायव्हरांना वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या नसत्या.

‘तीन आठवड्यांत लायसन्स.’ हे खरं आहे, आणि मला तेच भयंकर वाटतं. ७ फेब्रुवारी २०२२ पासून नोंदणीकृत संस्थेकडून प्रशिक्षण सक्तीचं झालं, पण केंद्रीय नियमात किमान तासांचा आकडाच नाही. लेखी भागात ८० टक्के गुण, मैदानावर आणि रस्त्यावर शिक्षकाचं समाधान, शिकाऊ परमिट किमान १४ दिवस जुनं, एवढं झालं की परीक्षेला बसता येतं. त्यानंतर हातात ८०,००० पौंडांची, म्हणजे ३६ टनांची गाडी. उलटी घेऊन डॉकला लावायला तरी हे दिवस पुरतात का, कुठल्याही जुन्या ड्रायव्हरला विचारा.

‘दोन वर्षांत ट्रक स्वतःचा.’ ही बहुतेक वेळा कंपनीकडूनच भाड्याने घेऊन फेडायची योजना असते. हप्ता, डिझेल, विमा, दुरुस्ती ड्रायव्हरची. लोड मात्र कंपनी देईल ते. मैल कमी झाले की हप्ता थकतो, ट्रक कंपनीकडे परत जातो आणि पुढच्याला दिला जातो. केंद्र सरकारनेच नेमलेल्या कृतिगटाने जानेवारी २०२५ मध्ये अशा योजनांवर बंदी घाला अशी शिफारस केली.

‘भयंकर तुटवडा.’ ट्रकमालकांच्या संघटनेने २०२१ मध्ये ८०,००० ड्रायव्हर कमी असल्याचं सांगितलं होतं. त्याच संघटनेच्या आकड्यांत मोठ्या लांब पल्ल्याच्या कंपन्यांतून ड्रायव्हर सोडून जाण्याचं वार्षिक प्रमाण अनेक वर्षं नव्वद टक्क्यांच्या आसपास राहिलेलं आहे. लायसन्सवाली माणसं आहेत, ती टिकत नाहीत. आमच्या ऑफिसात सोमवारी नव्या बॅचचे कागद यायचे आणि शुक्रवारी सोडून गेलेल्यांचे, आणि दोन्ही गठ्ठे जवळजवळ सारखेच असायचे. भरती करणाऱ्याला डोकी मोजून पैसे मिळतात, म्हणून तो तुटवडाच सांगणार.

‘व्हिसाचं कंपनी बघते.’ २१ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी व्यावसायिक ट्रक ड्रायव्हरांना कामाचे व्हिसा देणं तात्काळ थांबवल्याचं जाहीर केलं. त्याआधी जूनपासून, रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी बोलता-वाचता आलं नाही तर ड्रायव्हरला तिथल्या तिथे गाडीवरून उतरवण्याची अंमलबजावणी सुरू झाली होती. यानंतरही तो मेसेज तसाच फिरतो आहे.

ओळखीच्या एका मुलाने मेसेजखालच्या नंबरवर फोन लावला होता. ‘फाइल उघडायला’ पैसे मागितले. मी त्याला तीन गोष्टी लेखी मागायला सांगितल्या: कंपनीचं नाव, प्रशिक्षणाचा पूर्ण करार, आणि नव्या ड्रायव्हरला गेल्या तीन महिन्यांत आठवड्याला सरासरी किती मैलांचे पैसे मिळाले तो आकडा. त्याने मागितल्या. त्यानंतर त्या नंबरवरून त्याचा फोन उचलला गेला नाही.