गोळीचा हिशेब कोणी मागायचा?

बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरील अत्याचाराचा आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या व्हॅनमध्ये मारला गेला. त्या रात्री शाळासोबत्यांच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो येत होते, आणि लवकरच मुंबईत ‘बदला पुरा’ची पोस्टर्स झळकली. मी लंडनहून एवढंच विचारलं, की एका आरोपीला चार पोलिसांना आवरता आलं नाही, आणि गोळी थेट डोक्यात? यावर एकाने सुनावलं, “तुमच्याकडे कैदी पळाला की पोलीस त्याला चहा पाजतात वाटतं.”

चहाचं ठाऊक नाही, पण पळालेला कैदी त्याच्या वर्षभर आधीच इथे सगळ्यांनी पाहिला होता. हेरगिरी आणि दहशतवादाचे आरोप असलेला माजी सैनिक डॅनियल खलिफ ६ सप्टेंबर २०२३ ला वॉन्ड्सवर्थ तुरुंगातून निसटला, तो अन्नपुरवठ्याच्या ट्रकखाली लटकून. देशभर नाकेबंदी झाली. चौथ्या दिवशी नॉर्थोल्टला कालव्याच्या काठाने सायकल मारत असताना साध्या वेशातल्या पोलिसाने त्याला खाली खेचलं आणि बेड्या घातल्या. पुढे खटला होऊन त्याला चौदा वर्षांहून जास्त शिक्षा झाली.

म्हणून इथले पोलीस संत आहेत असं मी म्हणणार नाही. २००५ मध्ये स्टॉकवेल स्टेशनात एका निरपराध ब्राझिलियन तरुणाला अतिरेकी समजून गोळ्या घातल्या. एकाही पोलिसावर व्यक्तिशः खटला झाला नाही. पोलीस दलाला दंड झाला, तोही कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेच्या कायद्याखाली!

उलट कायद्याच्या कलमात आपण काही बाबतींत अधिक समंजस आहोत. ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला अटक करताना जीव घेण्याचा अधिकार पोलिसांना मिळत नाही, असं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६ सांगत होतं आणि आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ सांगतं. ग्रुपवरचे आमचे वकीलसाहेब याचा अर्थ उलटा लावतात: आरोप जन्मठेपेचा असेल तर घाला गोळी. पण कलमाने तिथे फक्त सरसकट मनाई केलेली नाही. बळ गरजेपुरतंच वापरायचं, ही अट सुटत नाही.

शिवाय सद्हेतूने कर्तव्य बजावताना अधिकाराची मर्यादा ओलांडून पोलिसाच्या हातून कोणी मेला, तर आपल्याकडे तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. ब्रिटनमध्ये ही मधली पायरी नाही. बेलफास्टमध्ये नाक्यावरून न थांबता निघालेल्या चोरीच्या गाडीवर १९९० मध्ये ली क्लेग या सैनिकाने चार गोळ्या झाडल्या. चौथी सुटली तेव्हा गाडी पुढे गेली होती, धोका टळला होता, म्हणून त्या गोळीने झालेला मृत्यू खून ठरला. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, १९९५ मध्ये तेच कायम केलं. नव्या पुराव्यांमुळे तो नंतर सुटला, पण पळणाऱ्याच्या पाठीवरची गोळी आणि अंगावर येणाऱ्यावरची गोळी एका मापाने मोजायची नाही, हे त्या निकालाने लख्ख झालं.

आपलं घोडं पेंड खातं ते चौकशीत. लंडनमध्ये २०२२ साली पोलिसांनी कोंडलेल्या गाडीतून निसटू पाहणारा ख्रिस काबा गोळीने मेला. तपास पोलिसांबाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेकडे गेला, पोलिसावर खुनाचा आरोप लागला. चिडून अनेक सशस्त्र पोलिसांनी हत्यारं ठेवून दिली. पण खटला चालला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे बदलापूरवर आमची हमरीतुमरी चालू असतानाच, ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. आपल्याकडे पोलिसाची बाजू घेणाऱ्यांनी हे नीट पाहावं. त्याचं म्हणणं कोर्टात तपासलं गेलं आणि टिकलं.

आपल्याकडे प्रत्येक चकमकीची स्वतंत्र चौकशी व्हावी, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच एका खटल्यात सांगून ठेवलंय. त्या निकालाची तारीख २३ सप्टेंबर २०१४, बदलापूरच्या बरोबर दहा वर्षं आधीची. पोलिसांचं म्हणणं, आरोपीने पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या. दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात मात्र पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे नाहीत, आणि पाच पोलिसांवर ठपका. तरी सरकार गुन्हा नोंदवायला राजी नव्हतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आईवडिलांनी कोर्टाला सांगितलं, आम्हाला हे प्रकरण पुढे चालवायचं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ते तिथे सोडलं नाही आणि एप्रिलमध्ये विशेष तपास पथक नेमायचा आदेश दिला, हे आपलं नशीब.

ग्रुपवर त्यानंतरही वाद थांबलेला नाही. वकीलसाहेब म्हणतात, पोलिसांनी गोळी झाडण्याआधी कोर्टाला विचारायचं का? आधी नाही हो, नंतर. आणि ते विचारायला मेलेल्याच्या बापाने वकील लावून कोर्टाचे उंबरे झिजवायचे, ही सोय तेवढी बदला. काबाच्या घरच्यांना तपास सुरू व्हावा म्हणून याचिका करावी लागली नव्हती.