लंडनचे बोगस वैद्य ‘सरळ तुरुंगात’ जात नव्हते

सध्या एक मजकूर जिकडेतिकडे फिरतोय: ‘आपल्याकडे बोगस डॉक्टर मोकाट आहेत. इंग्लंडात मात्र १५१८ सालीच राजाने कॉलेज ऑफ फिजिशियन्स काढलं, परवाना नसलेल्या प्रत्येक वैद्याला सरळ तुरुंगात टाकलं आणि भोंदूगिरी मुळासकट संपवली.’ यातलं साल तेवढं बरोबर आहे.

‘इंग्लंडात’: नाही. हे कॉलेज म्हणजे शिकवणारी संस्था नव्हे, वैद्यांची संघटना. आठव्या हेन्रीने तिला परवाने द्यायचा अधिकार दिला तो लंडन आणि भोवतालच्या सात मैलांपुरता, म्हणजे साधारण ११ किलोमीटर. त्यापलीकडे परवाना द्यायचा तो बिशप, १५१२ च्या कायद्याने. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठंही परवाने देत. त्यामुळे कॉलेजच्या दप्तरात ‘विनापरवाना’ म्हटलेला माणूस अडाणीच असेल असं नाही. त्याच्याकडे कॉलेजचा परवाना नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

‘प्रत्येक वैद्याला’: १५४३ मध्ये संसदेने कायदाच केला, की झाडपाला, मुळ्या आणि औषधी पाण्यांची माहिती असलेल्या कुणीही, पुरुषाने वा बाईने, बाहेरचे व्रण आणि सूज यांवर लेप लावावेत आणि मूतखडा, लघवी अडणं, हिवताप यांवर पोटात घ्यायचं औषध द्यावं. त्याच कायद्यात परवानाधारक शल्यवैद्यांवर ठपका आहे, की यांना रोग्याच्या आरामापेक्षा स्वतःच्या कमाईचीच काळजी. भोंदूगिरी संपवायला निघालेलं राज्य असा कायदा करत नाही.

‘सरळ तुरुंगात’: दाव्यातली सगळ्यात मोठी चूक इथे आहे. कॉलेज दरवर्षी चार सेन्सॉर, म्हणजे वैद्यांची तपासणी करणारे सभासद, निवडत असे. त्यांच्याकडे तक्रार यायची ती बऱ्याचदा रोग्याकडून, त्याच्या नातेवाइकाकडून नाहीतर धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याकडून. मग बोलावणं जायचं. माणूस आला तर तोंडी परीक्षा. तिच्यात रोगी बरा होतो का यापेक्षा प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेन याचे ग्रंथ किती वाचलेत हे बघायचे. पुढे दंड, किंवा ‘पुन्हा वैद्यकी करणार नाही’ असा जामीनकतबा. बडा माणूस मध्ये पडला की गाडी अडायची. १५८१ मध्ये विनापरवाना औषध देणाऱ्या मार्गारेट केनिक्स या परदेशी बाईसाठी खुद्द राणीचा सचिव वॉल्सिंगहॅम याने शब्द टाकला होता. कॉलेजने तो मानला नाही, पण असे शब्द वरचेवर यायचे.

तुरुंगाचं कलम कसं लंगडं होतं ते टॉमस बॉनमच्या खटल्यात दिसतं. बॉनम केंब्रिजचा एम.डी. कॉलेजच्या परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून १६०६ मध्ये त्याला आधी ५ पौंड, मग १० पौंड दंड झाला आणि शेवटी कैद. त्याने उलट खोट्या कैदेचा दावा लावला आणि १६१० मध्ये जिंकला. न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी कॉलेजला राजाने दिलेल्या सनदेतली दोन कलमं सुटी करून वाचली. परवान्याशिवाय वैद्यकी केली तर महिन्याला ५ पौंड दंड. म्हणजे महिना भरला नसेल तर हे कलम लागूच होत नाही. कैद आहे ती दुसऱ्या कलमात, चुकीच्या उपचारासाठी, मग तो एका दिवसाचा का असेना. बॉनमवर चुकीच्या उपचाराचा आरोपच नव्हता. शिवाय दंडातला निम्मा वाटा कॉलेजला मिळायचा, म्हणजे फिर्यादी तेच, न्याय देणारेही तेच. कोक यांनी नेमकं यावर बोट ठेवलं.

‘मुळासकट संपवली’: १६०० च्या सुमारास लंडनची वस्ती दोन लाखांच्या आसपास होती आणि कॉलेजशी संबंधित वैद्य अंदाजे पन्नास. विनापरवाना उपचार करणाऱ्यांचा इतिहासकारांचा अंदाज अडीचशेच्या घरात जातो. पन्नास जणांनी एवढं शहर कसं सांभाळायचं? विनापरवाना उपचार करणाऱ्या सायमन फोरमन या ज्योतिषी-वैद्याचंच बघा. कॉलेजने त्याला दंड केला, कैदेत टाकलं. तो नदीपलीकडे लॅम्बेथला जाऊन राहिला आणि १६०३ मध्ये केंब्रिजचा परवाना मिळवून त्याने धंदा चालू ठेवला.

एक शतक गेलं तरी तेच. विल्यम रोझ या औषधविक्याने एका खाटकाला परवान्याशिवाय औषध दिलं म्हणून कॉलेजने खटला भरला. खालच्या कोर्टात कॉलेज जिंकलं, पण १७०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल फिरवला आणि औषधविक्यांना उपचार सांगायची वाट मोकळी झाली. १८५८ च्या वैद्यकीय कायद्यानेसुद्धा विनापरवाना उपचाराला बंदी घातली नाही. गुन्हा ठरला तो नोंदणी नसताना नोंदणीकृत डॉक्टर म्हणून मिरवण्याचा.